मागचे स्पीकर गप्प? होम थिएटरचा सराउंड साउंड तपासायची पद्धत, पहिल्यापासून

नवीन सेट लावला, पिक्चर सुरू केला, पुढून आवाज दणक्यात येतोय आणि मागच्या स्पीकरला कान लावला तर आत काहीच नाही. अशा वेळी बहुतेकजण पहिल्यांदा स्पीकरच खराब आहे असं धरतात, मग तो उघडायचा, वायर ओढायची, दुकानदाराशी भांडायचं असं सगळं सुरू होतं. पण माझ्या बघण्यात स्पीकर खरंच गेलेला फार कमी वेळा निघतो. आवाज मुळातच दोन चॅनेलचा असतो (चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज), नाहीतर टीव्हीने वाटेत त्याचे दोन चॅनेल केलेले असतात, नाहीतर वायर चुकीच्या भोकात असते. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्याच क्रमाने जा, मधलं काही गाळू नका. अंदाजाने एकाच वेळी चार सेटिंग बदलली की नंतर कशामुळे चालू झालं (किंवा आणखी बिघडलं) ते कळतच नाही.

हे मुख्यतः ५.१ सेटसाठी लिहितोय, म्हणजे पुढे डावा-उजवा, मध्ये सेंटर, मागे किंवा बाजूला दोन सराउंड आणि एक सबवूफर, म्हणजे खोल बास वाजवणारा स्पीकर. ७.१ वाल्यांनाही हेच लागू आहे, फक्त स्पीकर दोन जास्त. मधला जो मोठा डबा ज्याला सगळ्या वायर जातात त्याला मी रिसिव्हर म्हणतोय.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

- रिसिव्हर आणि टीव्ही दोन्हीची मॅन्युअल. हरवली असतील तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून पीडीएफ घ्या
- टॉर्च, कारण रिसिव्हरची मागची बाजू नेहमी अंधारातच असते
- वायर स्ट्रिपर किंवा चांगला कटर, छोटा स्क्रू ड्रायव्हर
- एखादी जास्तीची स्पीकर वायर, दोन-तीन मीटर पुरे
- मेजरिंग टेप
- साधा मल्टीमीटर असेल तर उत्तम, नसेल तर एक पेन्सिल सेल
- सेटसोबत आलेला कॅलिब्रेशनचा माइक (खोलीप्रमाणे स्पीकरचा आवाज आपोआप जुळवायला लागतो तो)
- बिल आणि वॉरंटी कार्ड, लागलंच तर शेवटी

आणि हो, काहीही हलवायच्या आधी रिसिव्हरच्या मागच्या सगळ्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. सेटिंगच्या स्क्रीनचेही काढा. हा फोटो नंतर किती कामाला येतो ते तुम्हालाच कळेल.

१. टेस्ट टोन वाजवा

टीव्ही, पिक्चर, अॅप सगळं बाजूला ठेवा. रिसिव्हरच्या मेनूत स्पीकर सेटअपमध्ये जा, तिथे लेव्हल किंवा टेस्ट टोन असं काहीतरी असतं. ते चालू केलं की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने 'श्श्श' असा आवाज येतो.

याचा फायदा असा की हा आवाज रिसिव्हर स्वतःच्या आत तयार करतो, त्यामुळे टीव्ही, एचडीएमआय केबल, अॅप या कशाचाच त्यात संबंध राहत नाही. म्हणजे या एका मिनिटाच्या टेस्टने अर्धी भानगड बाहेर निघते:

- सगळ्या स्पीकरमधून टोन आला, तर स्पीकर ठीक, वायर ठीक. दोष आवाज जिथून येतो तिकडे आहे, पायरी २ वर जा.
- एखाद्यातून आलाच नाही, तर थेट पायरी ३.
- टोन आला पण स्क्रीनवर 'सराउंड लेफ्ट' लिहिलेलं असताना उजवीकडून वाजला, तर वायरींची अदलाबदल झालीय. पायरी ३ मध्ये सांगितल्यासारखं बंद करून बदलून घ्या.

टोन ऐकताना कोणीतरी मागच्या स्पीकरजवळ जाऊन उभं राहा. लांबून ऐकलं की पुढचाच आवाज भिंतीवर आपटून मागून आल्यासारखा वाटतो आणि फसायला होतं.

२. टोन येतो पण पिक्चर लावला की मागे काही नाही

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की सराउंड स्पीकर सतत वाजणं अपेक्षितच नाहीये. बोलणं जवळपास सगळं सेंटरमधून येतं, संगीत पुढच्या दोघांतून, आणि मागे फक्त पाऊस, गर्दीचा कल्ला, मागून जाणारी गाडी, पार्श्वसंगीताचा थोडा भाग असं येतं. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत असा सीन असेल तर मागचे स्पीकर दहा मिनिटंही गप्प राहू शकतात आणि ते बरोबर आहे. तपासायचं असेल तर मारामारीचा किंवा पावसाचा सीन लावा, बातम्या लावून तपासू नका.

दुसरं म्हणजे जे लावलंय ते ५.१ मध्ये आहे का? युट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ, बरेच टीव्ही चॅनेल, जुने पिक्चर, हे सगळं स्टेरिओ, म्हणजे दोनच चॅनेल. ओटीटीवर पिक्चरच्या नावाखाली ५.१ लिहिलेलं असलं तरी ते एखाद्याच भाषेच्या ट्रॅकला लागू असू शकतं, डब केलेला ट्रॅक पुष्कळदा स्टेरिओच असतो. ऑडिओच्या मेनूत जाऊन ट्रॅकच्या नावापुढे ५.१ आहे का ते बघा. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये बघत असाल तर तिथे अनेक सेवा स्टेरिओच देतात, मग पिक्चर कितीही भारी असो.

तिसरं, रिसिव्हरचा डिस्प्ले वाचा. रिमोटवर इन्फो किंवा स्टेटसचं बटण असतं, ते दाबलं की आत येणारा सिग्नल कुठला आहे ते दिसतं. डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस (ही आवाज दाबून पाठवायची स्वरूपं) किंवा मल्टिचॅनेल असं दिसलं तर शक्यतो ५.१ येतंय. नुसतं पीसीएम (म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज) २.० दिसलं तर दोनच चॅनेल पोचतायत, रिसिव्हर बिचारा तरी काय करणार. लोक हा डिस्प्ले कधी बघतच नाहीत आणि तासभर वायरी हलवत बसतात.

आता ५.१ निघालं पण २.० पोचलं, असं का होतं? नव्वद टक्के संशय टीव्हीवर घ्या. अॅप टीव्हीतच असेल किंवा सेट टॉप बॉक्स टीव्हीला लावून तिथून आवाज रिसिव्हरला नेला असेल तर हे बघा:

- टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट असतं. ते पीसीएमवर असेल तर ऑप्टिकल केबल किंवा आर्कमधून (एचडीएमआयनेच टीव्हीचा आवाज उलटा रिसिव्हरला नेण्याची सोय) फक्त स्टेरिओ बाहेर पडतो. ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू करा, नाव कंपनीप्रमाणे बदलतं.
- एचडीएमआय केबल टीव्हीच्या आर्क लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे ना? बाकीच्या पोर्टमधून आवाज उलटा बाहेर येत नाही. रिसिव्हरच्या बाजूला पण आर्क लिहिलेल्या आउटपुटलाच लावायची.
- आर्कसाठी सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू लागतं. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक अशा नावांनी लपलेलं असतं. रिसिव्हरमध्येही चालू करावं लागतं, एकाच बाजूला चालू करून भागत नाही.
- ऑप्टिकल केबलमधून ५.१ फक्त डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या स्वरूपात जातं. डॉल्बी डिजिटल प्लस त्यातून जात नाही, आणि ओटीटीवाले बहुतेक तेच वापरतात. टीव्हीने ते साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून दिलं तर ठीक, नाही दिलं तर स्टेरिओ. आर्क उपलब्ध असेल तर ऑप्टिकलचा नाद सोडा.
- साध्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल प्लसपर्यंत जातं. ब्लू-रेवरचं ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर किंवा ५.१ पीसीएम हवं असेल तर ई-आर्क (आर्कची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) दोन्हीकडे लागतं. नाहीतर सरळ प्लेअरच रिसिव्हरला लावा.
- काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. एखादी फाइल लावली की चित्र दिसतं आणि आवाज पूर्ण गायब, असं झालं तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त.

पीसीएमबद्दल एक गोंधळ असतो तो इथेच मिटवतो. गेमिंग कन्सोल किंवा ब्लू-रे प्लेअर एचडीएमआयने थेट रिसिव्हरला लावला असेल तर तिथे पीसीएम ठेवलं तरी ५.१ येतं, त्यात काही गैर नाही. टीव्हीमधून फिरून ऑप्टिकल किंवा साध्या आर्कने आलं तरच पीसीएम म्हणजे स्टेरिओ. त्यामुळे 'पीसीएम वाईट' असं कुठे वाचून कन्सोलची सेटिंग बदलत बसू नका. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रिसिव्हरवर पुरेसे इनपुट असतील तर सगळी यंत्रं आधी रिसिव्हरला लावा आणि तिथून एकच केबल टीव्हीला न्या, निम्म्या कटकटी जन्मालाच येत नाहीत.

शेवटी साउंड मोड. रिसिव्हर स्टेरिओ, डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्टवर असेल तर स्टेरिओ आवाजाला मागचे स्पीकर वाजणार नाहीत. दोन चॅनेलचा आवाज सगळीकडे पसरवायचा असेल तर डॉल्बी सराउंड, डीटीएस न्यूरल एक्स किंवा जुन्या रिसिव्हरमध्ये प्रो लॉजिक २ निवडा. मल्टिचॅनेल स्टेरिओ हा मोड मात्र तपासण्यापुरताच वापरा, त्यात पुढचाच आवाज मागे ओरडत राहतो आणि पिक्चरची मजा जाते.

३. टोनच येत नाही: वायर आणि स्पीकर

रिसिव्हर बंद करा आणि प्लग पण काढा. चालू असताना वायर काढ-घाल केली आणि दोन टोकं एकमेकांना चिकटली तर अॅम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो), आणि नशीब वाईट असेल तर उडतो.

आता टॉर्च घेऊन मागची बाजू बघा.

पहिला सापळा: सराउंड आणि सराउंड बॅक अशी दोन वेगळी टर्मिनल असतात. ५.१ मध्ये स्पीकर खोलीत मागे ठेवलेत म्हणून लोक वायर सराउंड बॅकला लावतात. चूक. ५.१ चे दोन्ही मागचे स्पीकर नुसत्या 'सराउंड' टर्मिनललाच जातात. सराउंड बॅक ७.१ साठी आहे.

दुसरा, वायर सोलताना कमी सोलली गेली आणि टर्मिनलने तांब्याऐवजी प्लॅस्टिकलाच पकडलंय. बाहेरून एकदम घट्ट दिसतं, कनेक्शन शून्य. तिसरा याच्या उलट, जास्त सोलली आणि तांब्याची एखादी बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकलीय. रिसिव्हर चालू होऊन लगेच आपोआप बंद होत असेल तर आधी हे बघा. साधारण एक सेंटीमीटर सोला, तारा नीट पिळा, मग घाला. बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खोचायचे प्लग) वापरलेत तर हा त्रासच राहत नाही.

चौथा म्हणजे प्लस-मायनस. एका स्पीकरचं उलटं लागलं तरी आवाज येतोच, म्हणून लक्षात येत नाही, पण बास पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. वायरीच्या एका बाजूला रेघ, रंग किंवा खाच असते, ती दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या टर्मिनलला गेली पाहिजे.

सगळं ठीक दिसलं आणि तरीही एक स्पीकर मुका, तर अदलाबदल करायची. समजा डावा सराउंड वाजत नाही. रिसिव्हर बंद करून मागे डाव्या आणि उजव्या सराउंडच्या वायरी एकमेकांच्या जागी लावा आणि पुन्हा टोन वाजवा.

- आता डावा स्पीकर वाजला आणि उजवा गप्प झाला, तर दोष रिसिव्हरच्या त्या चॅनेलमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे.
- डावा अजूनही गप्पच, तर वायर किंवा स्पीकर. जवळच्या जास्तीच्या वायरने तो स्पीकर जोडून बघा. वाजला तर जुनी वायर कुठेतरी तुटलीय (दारात चेपलेली, फर्निचरखाली दबलेली, उंदरांनी कुरतडलेली), नाही वाजला तर स्पीकर.

मल्टीमीटर असेल तर वायरची रिसिव्हरकडची दोन टोकं काढून त्यांच्यावर ओहम मोजा, म्हणजे वायर आणि स्पीकर एकदमच तपासून होतात. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ते बरोबरच आहे, घाबरू नका. काहीच रीडिंग नाही म्हणजे कुठेतरी तुटलंय, आणि शून्याच्या जवळ आलं म्हणजे शॉर्ट, तो शोधल्याशिवाय रिसिव्हर चालू करू नका.

मीटर नसेल तर पेन्सिल सेल. रिसिव्हरकडची टोकं काढून सेलच्या दोन बाजूंना क्षणभर टेकवा, स्पीकरमधून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलच्या वायरला लावला तर पडदा पुढे सरकतो, त्यावरून पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर आहे का, तेपण कळतं. धरून ठेवू नका, टेकवायचं आणि उचलायचं. वायर रिसिव्हरला जोडलेली असताना ही टेस्ट अजिबात करायची नाही.

अजून एक, तयार सेटमधले छोटे स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे असू शकतात. ते काढून दुसऱ्या रिसिव्हरला लावायच्या आधी मागचं लेबल आणि रिसिव्हरची किमान मर्यादा जुळवून बघा.

४. रिसिव्हरची सेटिंग

वायर ठीक, स्पीकर ठीक, तरी टोन नाही? मग मेनूत स्पीकर कॉन्फिगरेशन बघा. सराउंडपुढे 'नन' किंवा 'नो' असेल तर रिसिव्हरच्या मते तो स्पीकर अस्तित्वातच नाही. ऑटो कॅलिब्रेशन करताना एखादी वायर सैल असेल तर रिसिव्हर आपणहून 'नन' करून टाकतो, आणि तुम्ही नंतर वायर घट्ट केलीत तरी ते तसंच राहतं. हे फार जणांना माहीत नसतं.

अॅम्प असाइन (कुठला अॅम्प्लिफायर कशाला द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) पण बघा. ७ चॅनेलच्या रिसिव्हरमध्ये जादाचे दोन अॅम्प सराउंड बॅक, हाइट (वर लावलेले स्पीकर), झोन २ (दुसरी खोली) किंवा बाय-अॅम्प (एकाच स्पीकरला दोन अॅम्प) यापैकी एकालाच मिळतात, त्यामुळे तिथे चुकीचं निवडलं की ७.१ वाल्यांचे मागचे दोन बंद. आणि हेडफोनचं जॅक काढा! हेडफोन लावलेला असला की सगळे स्पीकर म्यूट होतात.

५. आवाज येतो पण मजा येत नाही

सोबतच्या माइकने ऑटो कॅलिब्रेशन करा, ऑडिसी, वायपाओ, डिराक, जे काही तुमच्या रिसिव्हरमध्ये असेल ते. माइक बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ट्रायपॉडवर ठेवा, हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. पंखा, एसी बंद, सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसवा.

झाल्यावर आकडे तपासा. अंतरं टेपने मोजून साधारण जुळली पाहिजेत. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, आणि रिसिव्हर त्या हिशोबाने जवळचे स्पीकर थोडे उशिरा वाजवतो. जवळचा सराउंड चुकून लांबचा धरला गेला तर त्याचा आवाज आधी पोचतो आणि सारखं मागे लक्ष जातं. सबवूफरचं अंतर मात्र टेपपेक्षा जास्त दाखवलं तर 'दुरुस्त' करू नका, त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

छोटे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ, इथून सुरुवात करा. 'लार्ज' लिहिलं की भारी वाजेल असं काही नसतं, उलट छोट्या स्पीकरवर नको तेवढा बास लादला जातो.

जागा: ५.१ मध्ये सराउंड स्पीकर बरोबर पाठीमागे नसतात. समोर शून्य अंश धरले तर ते ११० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे, कानाच्या पातळीपेक्षा थोडे वर. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर बाजूच्या भिंतींवर लावा. एवढं करून मागचा आवाज कमीच वाटला तर लेव्हल एक-दोन डेसिबलने वाढवा, त्यापुढे नको.

६. सबवूफर

त्याला स्वतःचा प्लग आणि स्वतःचं बटण असतं, आधी ते बघा. ऑटो स्टँडबायवर असेल तर हळू आवाजात तो जागाच होत नाही, मग 'ऑन' वर ठेवा. केबल एलएफई लिहिलेल्या इनपुटला, मागचा व्हॉल्यूम साधारण निम्म्यावर. बास पोकळ वाटला तर फेजचा स्विच ० वरून १८० वर करून बघा आणि जिथे भरीव वाटेल तिथे ठेवा.

७. घूंऽऽ असा सतत आवाज

एकेक केबल काढत जा, जी काढल्यावर थांबेल ती दोषी. बहुतेकदा सबची केबल किंवा बाहेरून येणारी डिशची नाहीतर केबल टीव्हीची वायर निघते, वेगवेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमधून लूप होतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशनवर घेऊन बघा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आवाज थांबेल पण शॉकपासूनचं संरक्षणही जाईल.

८. वायरलेस सराउंड आणि कॉम्प्युटर

वायरलेस म्हणजे रिसिव्हरपासून वायर नाही एवढंच, पॉवरची वायर लागतेच (बॅटरीवाले सोडून). लाइट स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा, लुकलुकत असेल तर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा पेअर करा. आवाज तुटत असेल तर वायफाय राउटर जवळ आहे का बघा आणि लांब सरकवा.

विंडोजमध्ये जुन्या साउंड पॅनेलमध्ये जाऊन 'कॉन्फिगर' मध्ये ५.१ निवडावं लागतं, नाहीतर तो स्टेरिओच देतो. ३.५ एमएमच्या जॅकवाला सेट असेल तर साधारणपणे हिरवा पुढचा, काळा मागचा, केशरी सेंटर आणि सबचा.

९. तरीही काहीच नाही

फॅक्टरी रिसेट करा, पण सेटिंगचे फोटो काढल्यावरच. रिसेटनंतर सगळ्यात आधी परत टेस्ट टोन.

पायरी ३ च्या अदलाबदलीत दोष रिसिव्हरच्या चॅनेलमध्येच राहिला आणि रिसेटनेही फरक नाही, तर मग सर्व्हिस सेंटर. डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि वॉरंटी असेल तर तीही जाते. तिथे 'मागचा आवाज येत नाही' एवढंच सांगितलंत तर ते आधी तुम्हाला वायर तपासायला परत पाठवतील. त्याऐवजी सरळ सांगा: टेस्ट टोनला डावा सराउंड वाजत नाही, वायरी बदलल्या तरी दोष त्याच टर्मिनलवर राहतो, तोच स्पीकर उजव्या टर्मिनलवर वाजतो, रिसेट केलंय. मोबाइलवर याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवलात तर अजून बरं, आणि बिलाची झेरॉक्स द्या, मूळ बिल स्वतःकडेच ठेवा.